हत्ती गेला, शेपूट राहिलं

मुरब्याचं वऱ्हाड चिंचणीला निघालं ते होड्यांतून. जमिनीवरून जायचं तर खाडीला वळसा घाला, बोईसरपर्यंत धक्के खा, आणि पुढे तारापूरच्या रस्त्याला लागलात की अणुवीज केंद्राच्या बांधकामाचे ट्रक अशी धूळ उडवत की नवरामुलगा मांडवात पोचेपर्यंत गिरणीतून काढलेल्या पिठाच्या पोत्यासारखा दिसला असता. त्यापेक्षा समुद्र बरा. भरती वेळेवर होती, वारा पाठीशी होता, आणि पुढच्या होडीत नाळेजवळ, अगदी पुढच्या टोकाला, नाकात गालभर नथ घालून, वरमाय हिरा बसली होती.

हिरा म्हणजे मुरब्याची जीभ. लग्नात विहिणीला गाण्यातून चिडवायचं तर हिरानंच. तिनं जोडलेली ओळ ऐकणाऱ्याला माशाच्या खवल्यासारखी चिकटायची. हात धुवा, अंघोळ करा, दोन दिवसांनी पाहावं तर कानामागे एक खवला आहेच. पापलेटासारखं तोंड म्हणून तिनं ज्या व्याह्याला गायलं, त्याला पुढे त्याची नातवंडंसुद्धा पापलेट आजा म्हणत.

आणि ही हिरा आज गप्प होती.

"हिराबाय, गळा राखून ठेवताय काय गो?" तिची धाकटी जाऊ रखमा म्हणाली. रखमाच्या पोटात गोष्ट राहात नसे आणि तोंडात पान. "राखा, राखा. उद्या विहिणीच्या पंगतीला ते गाणं झालंच पायजे. झोपाळू जमनेचं! विहीणच जमना, म्हटल्यावर दुसरं काय गायचं?"

होडीतल्या बाया खिदळल्या. एकीनं तर चालसुद्धा धरली.

"भरती बघा आधी," हिरा म्हणाली. "गाण्याचं मग बघू."

"वहिनी घाबरली!"

"घाबरते कशाला? माझी नथ वाऱ्यानं हलतेय, तिला सांभाळते."

होडीच्या तळाशी, गुंडाळलेल्या जाळ्यावर डोकं टेकून, वरबाप एकनाथ झोपला होता. स्वतःच्या मुलाच्या वऱ्हाडात. डोक्याचा फेटा नाकावर आला होता आणि श्वासाबरोबर वरखाली होत होता. हिरानं त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, देवा, तुझा हिशेब चोख आहे हां.

तो हिशेब काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. फार नाही. हिरा आणि जमना परकर सावरत मुरब्याच्या वाळूत धावत होत्या, तिथपर्यंत.

तेव्हा या दोघींना वेगळी नावं नव्हती. एकीला हाक मारली की दोघी यायच्या. हिराची आई 'हिराजमना' अशी एकच हाक मारायची. हिरा बोलायची, जमना ऐकायची. हिरा झाडावर चढायची, जमना खाली पदर धरून उभी राहायची. हिरा ओळी जोडायची आणि अडली की जमना हळूच शेवटचा शब्द द्यायची, म्हणजे गाण्यातलं यमक बरेचदा जमनेचं आणि नाव हिराचं. जमनेला त्याचं काही वाटत नसे. सावलीला आपलं नाव लागत नाही म्हणून कुठली सावली रुसली आहे?

दोघींच्या बापांची होडी सामाईक. होडीतून आलेले बोंबील वळांडीवर सुकत. वळांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट. तिच्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगायचे. दुरून पाहिलं तर वाटावं, समुद्रानं आपल्या धाकट्या लेकरांचे कपडे वाळत घातलेत. राखणीला पोरी बसायच्या. हातात काठी, समोर कावळे, पाठीशी कुत्री. काम एवढंच की जागं राहायचं.

त्या दिवशी राखणीला या दोघी होत्या. ऊन कलायला आलं होतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडत गेलं की खारेकुरणच्या रस्त्याला हत्ती आलाय.

हत्ती! मुरब्यात देवमासा लागलेला लोकांनी पाहिला होता, हत्ती कुणी पाहिला नव्हता.

"चल!" हिरानं जमनेचा हात धरला.

"नि वळांडी?"

"वळांडी काय चालत जाते?"

"बोंबील?"

"बोंबील काय पळून जातात? मेलेत ते, जमने! चल!"

जमना दोनदा मागे वळली. दोनदा हिरानं तिला ओढलं. दोघी बांध तुडवत, काटे मोडत रस्त्याला पोचल्या तेव्हा हत्ती वळणापलीकडे चालला होता. त्यांना दिसलं ते नुसतं शेपूट. एकदा डावीकडे हललं, एकदा उजवीकडे, आणि गेलं. रस्त्यावर एक मोठा, गरम, वाफाळता पुरावा मागे होता. दोघींनी तो आदरानं पाहिला.

"सोंड असती तर बरं झालं असतं," जमना म्हणाली.

इकडे वळांडीपाशी कोणाची तरी म्हैस आली, तिच्या पाठीला खाज सुटली, आणि तिनं बांबूला पाठ घासली. दोन्ही घरांचे बोंबील वाळूत. मग काय, कावळ्यांच्या घरी लग्न आणि कुत्र्यांच्या घरी बारसं! पोरी परतल्या तोवर पंगत उठत आली होती.

हिराचा बाप काठी घेऊन उभा होता. त्याच्या हाताची कीर्ती सातपाटीपर्यंत होती.

"राखणीला कोण होतं?"

हिराच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवून काढलं नव्हतं. जिभेला सवय होती पुढे धावायची. "मी पाणी प्यायला गेलेले. जमना होती. झोपली असंल."

जमनेनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही; होडी किनाऱ्यावरून सुटताना किनारा पाहावा तसं. तिच्या परकराला अजून रस्त्यावरचे काटे चिकटलेले होते. कोणी नीट पाहिलं असतं तर कळलं असतं, झोपलेल्या माणसाला काटे लागत नाहीत. पण पाहिलं कोणी नाही, आणि ती बोलली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. पोरींची भांडणं, पावसाळी गवत. आज उगवतं, उद्या वाळतं. पण महिन्याभरात गावात एक लग्न आलं, आणि हळदीला बाया म्हणाल्या, "ए हिरे, म्हण की काहीतरी!" खरं दाबून ठेवलं की खोट्याला फार जोर येतो. हिरा उभी राहिली आणि म्हणाली:

*वळांडीच्या सावलीत जमना गेली झोपी,*
*कावळ्यांनी घातली गो बोंबलाची टोपी!*
*म्हशीनं घासली पाठ, मोडली बांबूची काडी,*
*जमना म्हणे झोपेत, 'आली वऱ्हाडाची गाडी!'*

बाया हसून हसून हळदीच्या वाटीत पडल्या. हिराला आयुष्यात पहिल्यांदा मांडवभर शाबासकी मिळाली. त्या हशात तिनं मागे पाहिलं, शेवटचा शब्द बरोबर बसला की नाही ते विचारायला. मागे कोणी नव्हतं.

गाणं चांगलं होतं, हीच पंचाईत झाली. वाईट असतं तर मेलं असतं. पोरं ते म्हणत पोहायला जाऊ लागली, बाया ते म्हणत जाळी विणू लागल्या. जमनेला झोपाळू जमना हे नाव पडलं. एकनाथच्या घरी तिचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा एकनाथच्या आईनं कानावर हात ठेवले. "पहाटे होडी येते, मासळी उतरवायची, निवडायची, बाजार गाठायचा. मला झोपाळू सून नको गो बाय. ती दुसरी जागी दिसते, ती बघा." आणि ती दुसरी, म्हणजे हिरा, एकनाथच्या घरी गेली.

एकनाथ माणूस लाखातला. फक्त झोपायचा. उभ्यानं झोपायचा, वल्ह्यावर झोपायचा, एकदा मागणी घालायला गेला असताना पाटावर झोपला. आख्ख्या मुरब्यात जागं राहण्याचं काम हिराच्या कपाळी आलं ते कायमचं. पहाटे अंधारात टोपली उचलताना ती रोज म्हणायची, "जमने, तुझ्या नावावर खोटी झोप लावली, खरी माझ्या घरात आली."

जमना चिंचणीला गेली. विश्रामशी लग्न झालं. विश्राम कमी बोलणारा, कष्टाळू माणूस. तिथं तिनं असं नाव कमावलं की लोक म्हणत, चिंचणीचा कोंबडा जमनेला उठवत नाही, जमना कोंबड्याला उठवते. ते गाणं मात्र चिंचणीला पोचलं नव्हतं. मुरब्याच्या होड्या सातपाटीच्या बाजाराला जात, चिंचणीच्या डहाणूकडे. गाणी माणसांबरोबर प्रवास करतात, आणि ज्या माणसाबरोबर हे गाणं चिंचणीला जाऊ शकत होतं तिनं ते ओठांआड ठेवलं होतं. जत्रेत, मयतीत दोघींची गाठ पडे. जमना विचारी, "बरी हायस?" हिरा म्हणे, "बरी." मग दोघी देवाकडे बघत.

आणि मग हिराचा मुलगा प्रताप मोठा झाला. तो अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डिंगला लागला. कामाच्या फाटकाशी एक पोरगी मासळीची टोपली घेऊन बसायची आणि देशोदेशीच्या कामगारांना हिंदीत झोडायची: "लेना है तो लो, सूंघके क्या देखता है, फूल है क्या?" प्रताप तिच्याकडून रोज मासळी विकत घ्यायचा. होडीवाल्याच्या घरचा पोरगा आणि मासळी विकत! यावरूनच हिराला संशय यायला हवा होता. पण मासळी ताजी होती, ती गप्प खात राहिली.

"आई, पोरगी बघितलीय," एक दिवस प्रताप म्हणाला.

"कुठली?"

"चिंचणीची. सुलू. विश्रामकाकांची."

हिराच्या हातातला कोयता पापलेटावरच थांबला. "जमनेची?"

"तू वळखतेस?"

"वळखत होते," हिरा म्हणाली आणि पापलेटाचं डोकं गरजेपेक्षा जोरात उडवलं.

मागणी घालायला गेले तेव्हा जमनेनं गवती चहा टाकून चहा दिला, पोहे दिले, सगळं रीतीनं केलं. निघताना दारात म्हणाली, "पोर पहाटेची उठते हां. तेवढं सांगून ठेवते." आणि हसली. ते हसू होतं की गळ, हे हिराला परतीच्या वाटेवर कळलं नाही, नंतरही कळलं नाही. लग्न ठरलं, मांडवाला माडाच्या झावळ्या आल्या, तरी तो गळ तिच्या घशात होता.

म्हणून ती होडीत गप्प होती. रखमाला वाटत होतं, हिराबाय जमनेला झोडायला गळा राखतेय. हिराला वाटत होतं, आज जमना आपल्याला झोडणार. तिच्याजवळ खरं होतं. खऱ्याला यमक लागलं की ते सात गावं फिरतं.

होडी तारापूरजवळून गेली तेव्हा किनाऱ्यावर केंद्राची भिंत डोंगरासारखी उभी होती. बाया तिच्याकडे बोटं दाखवू लागल्या. म्हातारी येसूबाई, एकनाथची आत्या, जिच्या शब्दाबाहेर मुरब्यातलं एकही लग्न लागत नसे, हाताची झापड करून बघत राहिली.

"एवढा मोठा चुला," ती म्हणाली, "नि भात कुठं दिसत नाय."

संध्याकाळी लग्न लागलं. रुखवत मांडला, आणि जमना गायला उभी राहिली. केसांत रुपेरी छटा आली होती. आवाज तसाच होता, पावसाळी विहिरीसारखा, खोल आणि काठापर्यंत भरलेला. हिरानं नथ घट्ट धरली.

*मुरब्याच्या विहिणीची नथ गो केवढी,*
*नथीच्या आकड्याला बांधा आमची होडी!*

मांडव हसला. हिरा वाट पाहत राहिली. आता येईल. जमनेनं वरमायेच्या पायातल्या जोडव्यांवर गायलं, वऱ्हाडाच्या भुकेवर गायलं, प्रतापच्या मासळीखरेदीवर तर असं गायलं की नवरामुलगा लाल झाला. आणि समोर, मांडवाच्या खांबाला टेकून, व्याही एकनाथ तोंड उघडं टाकून चक्क घोरत होता. गाणाऱ्या बाईला यापेक्षा मोठं आमंत्रण देव तरी काय देणार? जमनेची नजर त्याच्यावर गेली. क्षणभर थांबली. आणि ती पुन्हा नथीवर आली.

झोप हा शब्दच तिनं गाण्यात येऊ दिला नाही. अंगणात पडलेल्या सापाला वळसा घालावा तसा वळसा घातला.

हिराला वाटलं, एक ओळ मारली असतीस तर बरं झालं असतं गो. मार लागला की माणूस रडून मोकळा होतो. हे असं वाचवणं फार लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिणीची पंगत. इथली रीत अशी: जेवणाआधी दोन्हीकडच्या बायांनी आळीपाळीनं गायचं, एकीनं चिडवायचं, दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्यायचं. जिचं उत्तर अडलं ती हरली. आणि जी स्वतःच्याच माणसाला गाण्यात धरेल ती तर जागच्या जागी हरली, कारण आपल्याच होडीला भोक पाडणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. हरलेल्या विहिणीनं जिंकलेल्या विहिणीला पहिला घास भरवायचा. मुरबं कधी हरलं नव्हतं. हिराच्या बोटांना दुसऱ्या विहिणीच्या तोंडाची ओळख नव्हती.

पानं मांडली होती. तांदळाच्या भाकऱ्या, कालवण, कोपऱ्यात सुक्या बोंबलाची चटणी. जमना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवी नवरी सुलू सासूच्या बाजूला, मान खाली घालून. मान खाली होती, पण कान फाटकावरच्या मासळीवालीचेच होते.

मुरब्याची दोन पोरं मांडवात पळत होती. त्यातलं एक सुलूसमोर थांबलं, तिला निरखलं आणि ओरडलं, "तू झोपाळूची पोर ना?"

"कोणाची?" सुलूनं विचारलं.

"झोपाळू जमनेची!"

रखमा टाळ्या पिटत उठली. "पोरानं आठवण दिली गो! होऊन जाऊ दे, हिराबाय! चिंचणीकरांना पण कळू दे, कोणाची पोर आणलीय आमी!"

"काय गो, कसलं गाणं?" चिंचणीच्या बाया पुढे सरकल्या. "आमची जमना नि झोपाळू? काय तरीच!"

जमनेच्या हातातला तांब्या हलला नाही, पण त्यातलं पाणी हललं. हिराला ते दिसलं. तिनं चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला वाळूतली ती पोर दिसली. किनाऱ्याकडे पाहणारी, परकराला काटे चिकटलेली. इतक्या वर्षांत जमनेनं या गावात पहाटेमागून पहाट जोडून जे नाव उभं केलं, ते आता हिराच्या जिभेच्या टोकावर उभं होतं. म्हशीनं पाठ टेकावी एवढाच अवकाश. आणि या वेळी वळांडीवर एकटी जमना नव्हती, सुलूही होती.

हिरा गप्प आहे पाहून रखमानंच सुरुवात केली. "*वळांडीच्या सावलीत जमना गेली…*"

"रखमे, बस खाली!" हिरा उठली. नथ काढली, पदरात बांधली. मुरब्याच्या बायांनी एकमेकींना कोपरं मारली; हिरानं नथ काढली म्हणजे आता विहिणीची धडगत नाही. "गाणं माझं हाय. त्यातल्या ओळी मी गिळलेल्या. इतकी वर्षं गिळून बसलेय, माझ्या घशात काट्यासारख्या. त्या ऐका आधी."

आणि त्याच चालीत तिनं सुरू केलं:

*खारेकुरणच्या रस्त्याला हत्तीचा गो फेरा,*
*जमनेला ओढून नेणारी, ती होती हिरा!*

मांडवात कुजबुज झाली. रखमाचं तोंड उघडं राहिलं, पान दिसू लागलं.

*जमना म्हणे, 'वळांडी?' हिरा म्हणे, 'चल!*
*बोंबील काय पळतात? त्यांना कुठलं बळ?'*
*मार चुकवाया रचलं झोपेचं गाणं,*
*जागीच्या कपाळावर खोटं गो गोंदणं!*

शेवटची ओळ नीट आलीच नाही. 'गोंदणं' अर्धं गाण्यात आणि अर्धं रडण्यात निघालं.

रखमा किंचाळली, "अगो बाय! हिराबाय, हे काय केलंत? स्वतःलाच धरलंत! मुरबं हरलं ना!"

"हरलं," येसूबाई काठी आपटत म्हणाली. "जागच्या जागी हरलं." मग ती हिराकडे वळली. "एवढी लग्नं बघितली, पण हरायला एवढं चांगलं गाणं कुणी लावलेलं नाय. मेले, हे आधी का नाय गायलीस? ती पोर माझ्या भावाच्या घरी सून म्हणून आली असती."

खांबाला टेकलेला एकनाथ दचकून जागा झाला. "काय झालं? होडी सुटली?"

"काय नाय," हिरा डोळे पुसत म्हणाली. "तू झोप."

आता चिंचणीचा डाव होता. सगळ्यांनी जमनेकडे पाहिलं. जिंकलेल्या विहिणीला गायची गरज नव्हती. पण जमनेनं तांब्या खाली ठेवला. पदर खोचला. तिच्या ओठांचा कोपरा एकदा डावीकडे हलला, एकदा उजवीकडे.

*सोंड नाय दिसली, सुळे नाय, दिसलं नुसतं शेपूट,*
*शेपटापायी दोघींमधी केवढी पडली फूट!*

पहिलं हसू सुलूचं फुटलं, नव्या नवरीला शोभणार नाही असं, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. मग मांडव फुटला. जमना थांबली नाही:

*इतकी वर्षं झोपली हिरा, आज आली जाग,*
*'हत्ती!' म्हणेल सासू तर, सुलू, धरू नको माग!*

"नाय जाणार!" सुलू ओरडली.

"गप गो, नवरी हायस!" कोणीतरी म्हणालं, पण ऐकतो कोण.

हशा ओसरेपर्यंत हिरा जमनेजवळ गेली होती. दोघी पानाशी बसल्या. हिराला बोलायचं होतं ते खूप होतं, आणि जीभ, जी जन्मभर पुढे धावली, ती आज मागे राहिली होती.

"तेव्हा का नाय बोललीस?" एवढंच तिनं विचारलं. "काटे होते की तुझ्या परकराला. दाखवले असतेस तरी."

"तुझ्या बाचा हात ठाऊक नव्हता काय मला?" जमना भाकरीकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, उद्या सांगशील. मग वाटलं, परवा. मग तू गाणंच केलंस." "नि गाणं चांगलं होतं, मेले. वल्ह्याला लागेल अशी चाल. मी पण म्हणायचे. रडत म्हणायचे, पण म्हणायचे."

हिराला हसू आलं आणि त्याच वाटेनं रडू आलं. दोघांनी दारात गर्दी केली.

"एक सांगू?" जमना म्हणाली. "टोपीला झोपी बरं बसलं. पण काडीला गाडी कशाला घातलीस? आपल्याकडं वऱ्हाड गाडीतनं कधी आलं? मला विचारलं असतंस तर होडी आणून दिली असती."

"मागे बघितलेलं गो. तू नव्हतीस."

जमनेनं हिराच्या पदराची गाठ सोडली, नथ काढली आणि तिच्या नाकात पुन्हा नीट बसवली, जत्रेला निघालेल्या पोरीला बसवावी तशी.

"घास! घास!" बाया ओरडू लागल्या. "हरलेल्या विहिणीनं घास भरवा!"

हिरानं भाकरीचा तुकडा मोडला. कालवणाकडे हात नेला, मग थांबली, आणि कोपऱ्यातली बोंबलाची चटणी उचलली. जमनेनं ते पाहिलं. हिरानं घास तिच्या तोंडाशी नेला.

जमनेनं डोळे मिटले. मान खांद्यावर टाकली. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, लांबलचक, खालपासून वरपर्यंत घोरली.

क्षणभर कोणाला कळेना. मग चिंचणीच्या बाया पोट धरून वाकल्या, मुरब्याच्या एकमेकींवर पडल्या. एकनाथ तेवढा आदरानं बघत राहिला. त्या घोरण्यात त्याला जाणकाराचा हात दिसला.

घास हातात धरून हिरा बसून राहिली. चटणी पदरावर सांडत होती. तिनं दुसऱ्या हातानं जमनेचा हात धरला, तसाच, जसा त्या दुपारी धरला होता. पण ओढला नाही.

"ऊठ गो जमने," ती म्हणाली. "ऊठ. बोंबील राखलेत मी."